कॅफेतला पिझ्झा आणि वहीतला हिशोब

वाढदिवस असो, बारावीचा निकाल असो की पोराचा पहिला पगार, आता घरात शिरा-पुरीबरोबर पिझ्झाचेही नाव निघते. मिरजगाव नगर–सोलापूर रस्त्यावर आहे. अशा रस्त्यावरच्या गावात पिझ्झा खायला आता पुणे गाठावे लागत नाही. चहाच्या टपरीशेजारी कॅफेचा फलक लागतो आणि संध्याकाळी तिथे आपल्या वस्तीतली मुले दिसतात.

या पानावर आम्ही पिझ्झाला शिव्या देणार नाही. ज्यांच्या आजी-आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी गिळल्या, त्या नातवंडांनी आवडीचे चार घास खाल्ले तर कोणी नाक मुरडायचे कारण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. वस्तीतल्या कितीतरी घरांत आता एकाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले असते, ‘वजन कमी करा, काय खाता ते लिहून ठेवा.’ माणूस वही घालतो. भाकरी लिहितो, वरण लिहितो, चहाची साखरही लिहितो. पिझ्झा खाल्लेल्या दिवशी मात्र पान कोरे राहते, नाहीतर मोबाईलमध्ये दिसेल तो आकडा उतरवला जातो. त्या दिवसाचे पान कसे भरायचे, ते या वेळी पाहू.

आधी आपली गरज किती ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात, तर अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याला ३,४७०. ५५ किलोच्या बाईसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. ज्या बापाने ऊस तोडला त्याचा मुलगा आज कंपनीच्या गेटवर किंवा कॉम्प्युटरपुढे खुर्चीवर बसतो. शिक्षणाने हे दिवस दाखवले, चांगलेच झाले. पण ताटातल्या भाकरींची संख्या बापाचीच राहिली. दोघांच्या गरजेत १,३६० कॅलरींचा फरक आहे. हा फरक म्हणजे कॅफेतले जवळजवळ दोन छोटे पिझ्झा, तेही रोज. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. हा आजार आता फक्त बंगल्यांत राहत नाही.

आता मोबाईलकडे वळू. अ‍ॅपमध्ये ‘पिझ्झा, एक तुकडा’ असे शोधले की बऱ्याचदा २८५ कॅलरी हा आकडा पुढे येतो. तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातला आहे. तिथला तुकडा म्हणजे १४ इंची पिझ्झाचा आठवा भाग, वजन १०७ ग्रॅम. आपल्याकडच्या कॅफेत मिळणारा छोटा पिझ्झा ७ इंचांचा आणि त्याचे चार तुकडे केलेले. क्षेत्रफळ काढून पाहा. अमेरिकेचा एक तुकडा सुमारे १९ चौरस इंचांचा भरतो, आपला साडेनऊचा. म्हणजे आपले दोन तुकडे मिळून तिकडचा एक होतो. चार तुकडे खाऊन अ‍ॅपमध्ये चार लिहिले की वहीत ११४० पडतात आणि माणूस घाबरून रात्री उपाशी झोपतो. पोटात मात्र त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त गेलेले असते. दुसऱ्या टोकाला चीज बर्स्ट खाऊन साध्या पिझ्झाचा आकडा लिहिणारेही असतात. म्हणून पहिली गोष्ट ही की ‘तुकडा’ हे माप धरू नका. इंच धरा किंवा ग्रॅम धरा.

ग्रॅमचा मार्ग सगळ्यात सोपा. पार्सल आणले असेल तर खोक्यासकट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, नंतर रिकामे खोके वजन करून वजा करा. साध्या चीज-भाजीच्या पिझ्झात १०० ग्रॅमला साधारण २७० कॅलरी धराव्यात, चीज भरपूर असेल तर ३००. पिझ्झा २५० ग्रॅमचा भरला तर हिशोब ६७५ च्या आसपास येतो. काट्यावर ठेवायला लाज वाटत असेल तर ठेवू नका, दुसरा मार्ग आहे.

तो मार्ग आम्हाला जास्त आवडतो, कारण त्यात पिझ्झा कशाचा बनतो हेही कळते. गावातल्या छोट्या कॅफेत पीठ मळले जात नाही. बेस बेकरीच्या पाकिटातून येतो, चीज पाकिटातले, सॉस बाटलीतला, मेयोनीज पिशवीतले. आणि पाकीटबंद मालाच्या मागे पोषणाचा चौकोन छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यात ‘एनर्जी’च्या पुढे १०० ग्रॅमला किती किलोकॅलरी ते दिलेले असते. आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो तीच ही किलोकॅलरी. गर्दी नसेल तेव्हा काउंटरवरच्या पोराला सरळ विचारा, ‘दादा, बेसचे पाकीट जरा दाखवता का? घरी शुगरचा पेशंट आहे.’ इतके सांगितल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही. पाकिटावर वजन आणि बेसची संख्या असते, एका बेसचे वजन भागाकाराने निघते.

एक उदाहरण मांडतो. बेस १२० ग्रॅमचा, १०० ग्रॅमला २७० कॅलरी, म्हणजे सुमारे ३२५. चीज ५० ग्रॅम, त्याचे १५०. बेस तव्यावर किंवा ओव्हनमध्ये ठेवण्याआधी लावलेले दोन चमचे बटर, १० ग्रॅम, ७० हून थोडे वर. सॉसचे ३५ धरा. कांदा, सिमला मिरची, मक्याचे दाणे मिळून २०. वरून नागमोडी सोडलेले मेयोनीज १५ ग्रॅम, ते कंपनीप्रमाणे बदलते, मधले ७५ घ्या. बेरीज ६७५ ते ६८०. वजनावरून काढलेला आकडाही जवळपास तोच आला होता. दोन वाटांनी एकाच गावाला पोचलो की आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

या बेरजेत बघण्यासारखी गोष्ट म्हणजे भाजीने काहीच भर घातली नाही. ‘व्हेज लोडेड’ घेतला म्हणून कॅलरी वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत, निम्मा भार एकट्या मैद्याच्या बेसचा असतो. कमी करायचे असेल तर बटर आणि मेयोनीज नको म्हणा, दीडशे कॅलरी तिथेच वाचतात आणि चवीत फार फरक पडत नाही. चीज बर्स्ट असेल तर साध्याच्या दीडपट लिहून मोकळे व्हा.

हे ६७५ म्हणजे किती? ७५ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २५० कॅलरींची असते. म्हणजे पावणेतीन भाकरी. पण पावणेतीन भाकरी खाल्ल्यावर माणूस ढेकर देऊन उठतो आणि पिझ्झा खाल्ल्यावर तासाभराने चिवड्याचा डबा शोधतो. १०० ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, मैद्यात तीनही नाहीत. वहीत दोन्हीचा आकडा सारखा दिसतो, पोटाला तो सारखा वाटत नाही.

मोठा पिझ्झा घरात वाटून खाता तेव्हा इंचांचा हिशोब लक्षात असू द्या. १० इंची पिझ्झा ७ इंचीपेक्षा तीन इंचांनी मोठा दिसतो, पण क्षेत्रफळाने तो दुप्पट असतो, आणि १२ इंची जवळजवळ तिप्पट. छोटा ६७५ चा असेल तर १० इंची साधारण १३५० चा. चौघांत वाटला तर प्रत्येकी ३४० च्या आत. त्याबरोबर एक वाटी मटकीची उसळ आणि काकडी-टोमॅटो घरचे ठेवले तर चौघांचे जेवण होते. पैशाचाही हाच हिशोब आहे. मधल्या आकाराची किंमत छोट्याच्या दुपटीहून कमी असेल तर तोच घेणे परवडते. फक्त तो एकट्याने संपवायचा नाही.

आणि बाटली विसरू नका. पिझ्झा लिहितात, थंड पेय लिहीत नाहीत, असे बरेच जण आम्ही पाहिलेत. २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या पुढे साखर असते, शंभराहून जास्त कॅलरी. मधुमेह असलेल्याने ते न घेतलेलेच बरे.

शहरातल्या मोठ्या साखळी दुकानांत एवढी बेरीज करावी लागत नाही. देशात दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी दुकाने असणाऱ्या खाद्यविक्रेत्यांनी प्रत्येक पदार्थापुढे त्याच्या कॅलरी आणि वाढपाचे माप लिहावे, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम २०२२ पासून लागू आहे. गावातल्या एकट्या कॅफेला तो लागू नाही. फलक वाचताना आकडा अख्ख्या पिझ्झाचा आहे की एका वाढपाचा, ते शेजारचे माप पाहून ठरवा. छोटा आकडा पाहून खूश होणारे बहुधा हेच माप वाचत नाहीत.

चीजबद्दल एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातलीच आहे. २०२३ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नगरमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाची तपासणी केली. काही पदार्थांत चीजऐवजी चीज अ‍ॅनालॉग, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल घालून बनवलेला पदार्थ वापरला जातो आणि ते ग्राहकाला सांगितले जात नाही, असा आक्षेप घेऊन परवाना निलंबित केला. कंपनीने तो नाकारला, आम्ही खरेच चीज वापरतो असे सांगितले. काही पदार्थांच्या नावातून मात्र चीज हा शब्द निघाला. तो वाद त्यांचा. आपल्या वहीपुरते सांगायचे तर अ‍ॅनालॉगने कॅलरी फारशा कमी होत नाहीत, कारण स्निग्धांश दोन्हीकडे भरपूर असतो. कमी होतात ती प्रथिने, म्हणजे ज्यासाठी मुलांना चीज द्यावे असे वाटते तेच. पाकीट पाहताना घटकांची यादीही वाचा. दुधाआधी पामतेलाचे नाव आले तर काय ते समजा.

खाण्याचे माप मोजणे ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. द्रोणभर भात जेवून तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला भोजनात मात्रा ओळखण्याविषयी गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणायची, असे सांगून रोजचे शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. आम्हाला यातली ‘हळूहळू’ ही गोष्ट महत्त्वाची वाटते. राजाने एका रात्रीत भात सोडला नाही. जेवताना कोणीतरी शेजारी बसून आठवण करून देत होते. वस्तीत ते काम घरची मुलगी करू शकते, बिनपगारी.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी कॅलरीबरोबर पिठूळ पदार्थांचा हिशोबही आहे. १२० ग्रॅमच्या बेसमध्ये ६० ग्रॅमच्या पुढे कर्बोदके असतात. शिवाय चीज-बटरमुळे पिझ्झा सावकाश पचतो, त्यामुळे साखर दोन तासांनी ठीक दिसली तरी नंतर चढू शकते. घरी मशीन असेल तर दोन तासांनी आणि पुन्हा चार-पाच तासांनी तपासा, आकडा वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. पिझ्झा खाल्ला म्हणून गोळी दुप्पट घेणे किंवा इन्सुलिन मनाने वाढवणे जिवावर बेतू शकते. रक्तदाब असेल तर मिठाकडे पाहा. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे असे सांगितले जाते आणि एका छोट्या पिझ्झातच ३ ग्रॅमच्या वर मीठ जाऊ शकते. त्या दिवशी पापड-लोणचे बाजूला ठेवावे.

आकडा ५०-१०० ने चुकेल. चुकू द्या. रोज एकाच पद्धतीने लिहिले की आठवड्याच्या बेरजेत खरे चित्र दिसते. महिन्यातून एकदा खाल्लेल्या पिझ्झापेक्षा रोजच्या चहातली साखर आणि भाजीवरचे तेल जास्त वजन वाढवते. पाच मिलिलिटरचा एक चमचा तेल म्हणजे ४० कॅलरींच्या पुढे.

ही वही सगळ्यांसाठी नाही. वाढत्या वयातल्या मुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे अशा सुना, टीबीची औषधे चालू असलेली माणसे यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खाणे कमी करू नये. मोबाईल बघून बारीक व्हायला निघालेली कॉलेजची मुलगी घरात असेल तर आधी तिचे रक्त तपासून घ्या. आणि घरात ज्यांनी तिशी ओलांडली आहे त्यांनी आशाताईंना विचारून जवळच्या आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर तपासून घ्यावी. तिथे ही तपासणी मोफत होते, फक्त सकाळी लवकर जावे लागते.