आंबट ओळखणारा मेद

जरा आपल्या बोटांची टोकं बघा. हात कितीही स्वच्छ धुतले असले, तरी तिथे एक विकर असतंच. ते घामात असतं, लाळेत असतं, रक्तातही असतं. आरएनएचा धागा सापडला की त्याचे तुकडे करायचे, एवढंच त्याचं काम. करोनासारख्या विषाणूंचा सगळा आराखडा आरएनएवर लिहिलेला असतो, तेव्हा हे विकर जागोजागी असलेलं बरंच! पण शास्त्रज्ञांनाच मुद्दाम आरएनए शरीरात पाठवायचा असेल, तर?

२०२० साली नेमकं तेच करायचं होतं. फायझर-बायोएनटेकच्या करोना लशीत विषाणू नव्हताच. त्यात होता एमआरएनएचा एक धागा, ४,२८४ अक्षरांचा, आणि ही अक्षरं फक्त चार प्रकारची. विषाणूच्या अंगावर जो काटा असतो, त्याचं प्रथिन कसं बनवायचं हे त्यात लिहिलेलं होतं. आपली पेशी तो मजकूर वाचून काटा बनवते, आणि शरीराचे रक्षक त्या काट्याची ओळख पक्की करून ठेवतात. पुढे खरा विषाणू आला की ते तयारच असतात. मोठ्या माणसाच्या एका डोसात एमआरएनए किती? ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये ३३ हजारांहून जास्त डोस!

या धाग्यातलं एक अक्षर किंचित बदललं, तर शरीर त्याला शत्रू समजून उगाच खवळत नाही, हे कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं. त्यासाठी २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण धागा कितीही चांगला असला तरी तो पेशीच्या आत पोचायला हवा ना! बाहेर विकर टपलेलं. शिवाय धाग्याच्या सबंध लांबीवर ऋणप्रभार, आणि पेशीच्या बाहेरच्या पटलावरही ऋणप्रभार. सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात किंवा शिकणार आहात.

म्हणून धाग्याला मेदात, म्हणजे चरबीसारख्या पदार्थात, गुंडाळायचं ठरलं. पेशीपटल स्वतः मेदाचंच असतं. शास्त्रज्ञांनी आधी धनप्रभार असलेला मेद घेतला. तो आरएनएला घट्ट धरतो, त्यामुळे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर १९८९ मध्येच ही युक्ती चालली होती. शरीरात मात्र पंचाईत झाली. कायमचा धनप्रभार असलेला मेद रक्तातल्या प्रथिनांना चिकटत सुटतो आणि पेशींनाही इजा करतो. धागा धरायला प्रभार हवा, पण रक्तातून जाताना तो नको. आता काय करायचं?

उत्तर सापडलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वाटतं. गरजेप्रमाणे प्रभार बदलणारा मेद वापरायचा! कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अशा मेदांवर काम केलं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि साबण धुऊन काढला की पुन्हा पिवळा, हे घरी पाहिलंय? हा मेदही तसाच आजूबाजूच्या द्रावणाप्रमाणे पालटतो. आम्ल भेटलं की त्याच्यावर धनप्रभार येतो, आम्ल गेलं की प्रभारही जातो.

आता पुढची गंमत बघा. लस बनवताना मेद अल्कोहोलमध्ये विरघळवतात आणि एमआरएनए किंचित आंबट पाण्यात ठेवतात. मग हे दोन प्रवाह जोराने एकमेकांवर आदळवतात. आंबट पाण्यात मेदावर धनप्रभार येतो, तो एमआरएनएला धरतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत कण आपोआप तयार होतात. प्रत्येक कण सुमारे १०० नॅनोमीटरचा. तुमच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने मावतील. मग आम्ल आणि अल्कोहोल काढून टाकतात, आणि मेद निष्प्रभार होतो.

कणात आणखी तीन मेद असतात. एक पेशीपटलात असतो त्याच जातीचा. दुसरा कोलेस्टेरॉल. हो, रक्ततपासणीच्या कागदावर मोठी माणसं ज्याचा आकडा शोधतात तेच! ते इथे मधल्या फटी भरून काढतं. तिसरा कणांना एकमेकांना चिकटू देत नाही.

हा कण पेशीपाशी पोचला की पेशीपटल आत दुमडतं आणि कण एका इवल्या पिशवीत अडकतो. पेशी अशा पिशव्या हळूहळू आंबट करत जाते, कारण आतला ऐवज शेवटी पचवून टाकायचा असतो. म्हणजे धागा संपलाच की! पण आंबट होताच आपला मेद जागा होतो. त्याच्यावर पुन्हा धनप्रभार येतो, तो पिशवीच्या भिंतीतल्या ऋणप्रभारित मेदांना जाऊन भिडतो, भिंतीची मांडणी विस्कटते आणि धागा बाहेर सुटतो. पेशीने पचवण्यासाठी वापरलेलं आम्लच त्याला सोडवतं! सगळेच धागे काही सुटत नाहीत, बरेचसे पिशवीतच संपतात. पण सुटलेला एकेक धागा पुन्हा पुन्हा वाचला जातो, त्यामुळे थोडे सुटले तरी भागतं. काही दिवसांत पेशी तेही मोडून टाकते.

हे कण नाजूक असतात. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. गावोगावच्या दवाखान्यांत एवढी थंडी कुठून आणणार? म्हणून पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेली एमआरएनए लस मला महत्त्वाची वाटते. २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ती २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये राहते.

आता हेच कण लशीपलीकडची कामंही करू लागले आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काही महिन्यांच्या एका बाळावर त्यांच्या मदतीने उपचार झाले. जनुकातल्या एका चुकीमुळे बाळाच्या यकृताला अमोनियाचा निचरा करता येत नव्हता. ती चूक दुरुस्त करण्याच्या सूचना या कणांनी थेट यकृतात नेल्या. शिरेतून दिलेले कण यकृताकडेच जातात, कारण रक्तातलं एक प्रथिन त्यांना चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्या प्रथिनाला ओळखून कण आत घेतात.

पण आजार फुप्फुसात असेल तर? डॅलसमध्ये डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने या चार मेदांत पाचवा मेद मिसळून पाहिला. तो ऋणप्रभारित असला तर उंदरांमध्ये कण प्लीहेकडे गेले, आणि कायमचा धनप्रभारित असला तर थेट फुप्फुसांकडे. त्रास देतो म्हणून बाजूला ठेवलेल्या मेदाची जात पुन्हा कामाला आली! फुप्फुसांच्या आनुवंशिक आजारांवरची औषधं तिथवर नेण्यासाठी आता प्रयोगशाळांमध्ये याच वाटेने काम चालू आहे.