नेट गेलं तरी तास चालला पाहिजे : फुकटची ऑनलाइन साधने आणि उद्याचे गुरुजी

बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., करणाऱ्या मुलामुलींना सराव पाठासाठी शाळेत जावं लागतं. पाठ टाचण तयार, तक्ता गुंडाळून काखेत आणि वर्गात मागे वही घेऊन बसलेले मार्गदर्शक, हे चित्र जुनंच आहे. त्यात आता मोबाईलची भर पडली. टीईटीचा अभ्यास ज्या फोनवर चालतो त्याच फोनवर वर्गासाठी काहीतरी फुकटचं सापडेल, या आशेने अनेक छात्राध्यापक रात्री शोधाशोध करतात. सापडतंही भरपूर. पण त्यातलं आपल्या शाळेत कोणतं चालेल, हे कोणी सांगत नाही.

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा. तालुके १४. राहाता-कोपरगावच्या बागायती पट्ट्यातल्या शाळेत जे चालतं ते अकोल्याच्या डोंगरात, राजूरच्या वर गेल्यावर चालेलच असं नाही. पावसाळ्यात तिकडे वीज गेली की रेंजचाही भरवसा राहत नाही. शिवाय वाड्या-वस्त्यांवरच्या अनेक शाळा द्विशिक्षकी. एक गुरुजी दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसलेले असतात. परदेशातल्या व्हिडिओत दिसतं तसं प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असलेला वर्ग इथे नाही, आणि साधन निवडायचं ते हे धरूनच.

तसा नगरचा आणि शिक्षक प्रशिक्षणाचा संबंध फार जुना. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला, सिंथिया फरार यांच्या संस्थेत. आज जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, संगमनेरला आहे.

पुस्तकातला चौकोन

सुरुवात घरातल्याच वस्तूपासून करावी. बालभारतीच्या पुस्तकात छापलेला क्यूआर कोड सगळ्यांनी पाहिला आहे, वापरणारे त्या मानाने कमी. केंद्र सरकारचा दीक्षा हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. त्याच्या अ‍ॅपमधून कोड स्कॅन केला की त्या पाठाचे व्हिडिओ, सराव प्रश्न उघडतात. कॅमेरा खराब असेल, पान फाटलं असेल, तर कोडखाली छापलेली अक्षरं-आकडे टाईप केले तरी चालतं. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यातला बराच मजकूर आधी उतरवून ठेवता येतो, मग वर्गात नेट लागत नाही.

पुस्तकाला कोड जोडण्याची ही कल्पना शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यात एका जिल्हा परिषद शिक्षकाने आधी राबवली होती. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते प्रामुख्याने याच कामासाठी. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देऊन टाकला, हेही लोकांच्या लक्षात आहे. त्या गोष्टीतलं छात्राध्यापकांनी उचलावं असं काही असेल तर ते एवढंच : यंत्र नवीन होतं, पण ते चिकटवलं मुलाच्या हातात आधीच असलेल्या वस्तूला, पुस्तकाला.

कागदाची कार्डं आणि एकच फोन

आता प्रत्यक्ष तास पाहू. समजा पाचवीचा वर्ग, पट २२, विषय अपूर्णांकांची तुलना. प्रश्न साधा : एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? हात वर करायला सांगितलं तर पहिल्या रांगेतली चार मुलं हात वर करतात, बाकीची त्यांच्याकडे बघून. गुरुजींना वाटतं वर्गाला आलं.

इथे प्लिकर्स नावाचं साधन कामाला येतं. मुलांना फोन लागत नाही. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळा-पांढरा ठसा आणि त्या मुलाचा क्रमांक. ठशाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरं. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. गुरुजी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर येतं. प्रत्येकाचा ठसा वेगळा असल्याने शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कल करता येत नाही. लाजरं मूलही उत्तर देतं, कारण चुकलं तरी चारचौघांत कळत नाही. कार्डांचा संच फुकट उतरवून साध्या ए-फोर कागदावर काढता येतो. फक्त त्याला चकचकीत लॅमिनेशन करू नये, उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला ठसा वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्याला चिकटवलेलं बरं. गुरुजींच्या फोनला मात्र नेट लागतं, आणि फुकट खात्यात प्रश्नांच्या संख्येवर मर्यादा आहे.

पण साधनापेक्षा प्रश्न महत्त्वाचा. चार पर्यायांपैकी चुकीचे तीन कसेही भरले तर निकालातून काहीच कळत नाही. चुकीचा पर्याय असा हवा की मूल नेमकं कुठे अडलंय ते त्यातून दिसेल. 'एक चतुर्थांश मोठा' हे उत्तर देणाऱ्या मुलाने बहुधा चार हा तीनपेक्षा मोठा असं धरलेलं असतं. म्हणजे छेद वाढला की तुकडा लहान होतो हे त्याच्या डोक्यात उतरलेलं नाही. २२ पैकी १३ जणांनी तेच उत्तर दिलं, तर टाचणातलं पुढचं उदाहरण बाजूला ठेवून तिथेच थांबायला हवं.

थांबून काय दाखवायचं? अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने फेट नावाचे आभासी प्रयोग तयार केले आहेत. २००१ चे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. अपूर्णांक, विद्युत मंडल, तरफ, पदार्थाच्या अवस्था असे कितीतरी प्रयोग त्यात आहेत, अनेक मराठीतही. पैसे नाहीत, खातं उघडायची गरज नाही आणि प्रयोगाची फाईल उतरवून ठेवली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. अपूर्णांकाच्या प्रयोगात वर्तुळाचे भाग वाढवत नेले की एकेक भाग बारीक होताना मुलांना दिसतो. शाळेत टीव्ही असेल तर उत्तम. नसेल तर फोनभोवती पाच-सहा मुलांचे गट करावे लागतात, त्यात वेळ जातो. अशा वेळी एक भाकरी तीन ठिकाणी आणि दुसरी चार ठिकाणी तोडून दाखवणं जास्त लवकर होतं, आणि त्याला चार्जिंगही लागत नाही. मार्गदर्शकांसमोर फोन काढला नाही म्हणून गुण जातील, ही भीती उगीच आहे.

वाचनाचा तास

खालच्या वर्गांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे २०१५ पासून सुरू असलेलं संकेतस्थळ पाहण्यासारखं आहे. चित्रांसकट गोष्टी, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, मराठीतही भरपूर. या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. म्हणजे लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव ठेवून त्या छापता येतात, वाटता येतात, भाषांतर करता येतात, बदलताही येतात. अकोल्यातल्या ठाकर, महादेव कोळी वस्तीवरच्या मुलांसाठी एखादी गोष्ट त्यांच्या बोलीत उतरवून छापली तर त्याला कोणाची हरकत नाही. बालभारतीची पुस्तकं मात्र वेगळी. त्यांच्या पीडीएफ फुकट उतरवता येत असल्या तरी हक्क मंडळाकडेच आहेत. फुकट मिळतं आणि आपलं होतं, या दोन वेगळ्या गोष्टी.

छापून ठेवण्याचा आणखी एक उपयोग. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव भागातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात, आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाबरोबर फडावर जातो. गुरुजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक मग कोण उघडणार? आजीकडे राहिलेल्या मुलाच्या दप्तरात चार पानांची गोष्ट असेल तर ती तरी वाचली जाते.

फुकट किती दिवस?

फुकट साधनाचा मोठा धोका हा की ते उद्या असेलच याची खात्री नाही. एडमोडो नावाचा मंच जगभरच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं वापरला, तो २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाला. गुगलचा जॅमबोर्ड हा फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. बंगळुरात जन्मलेल्या क्विझिझने २०२५ मध्ये नावच बदलून वेग्राउंड केलं, आणि जुन्या नावाने शोधणारे गोंधळले. काही ठिकाणी साधन राहतं, पण कालपर्यंत फुकट असलेली सोय आज पैसे मागते. म्हणून आपले प्रश्न कोणत्याही साधनाच्या आत अडकवून ठेवू नयेत. आधी साध्या फाईलमध्ये लिहावेत, मग तिथून उचलून टाकावेत. आणि लिहिताना युनिकोडच वापरावं. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या फोनवर उघडली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात, हा अनुभव बहुतेक शाळांत कोणी ना कोणी घेतलेला आहे.

दुसरा मुद्दा मुलांच्या माहितीचा. पैसे घेत नाही तो दुसरं काहीतरी घेतो, निदान तशी शक्यता धरून चालावं. गुगलचं स्वतःचं खातं उघडायला भारतात १३ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे प्राथमिकच्या मुलांना लॉगिन मागणारं साधन सहसा बादच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. वर्गयादी भरताना पूर्ण नाव, आधार, जन्मतारीख टाकायचं कारणच नाही, हजेरी क्रमांक पुरतो. सराव पाठाचे मुलांचे चेहरे दिसणारे फोटो स्टेटसला टाकण्याची हौसही आवरलेली बरी, निदान मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय तरी.

यंत्राचं मराठी

आता पाठ टाचणही कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलं जातंय. मसुद्याला हरकत नाही, पण तपासावं लागतं. या साधनांच्या मराठीत हिंदी डोकावतं. अपूर्णांकाला 'भिन्न', छेदाला 'हर', परिमितीला 'परिमाप', घनफळाला 'आयतन' असे शब्द आले की मुलांच्या पुस्तकाशी मेळ बसत नाही आणि गणित येत असूनही मूल अडतं. माहितीही ठामपणे चुकीची येऊ शकते. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे आपल्याला पक्कं ठाऊक असलेलं विचारायचं : भंडारदरा धरण कोणत्या नदीवर, मुळा धरण कोणत्या तालुक्यात. प्रवरा आणि राहुरी ही उत्तरं नीट आली, तरी आपल्याला ठाऊक नसलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तक किंवा ऑनलाइन मराठी विश्वकोश उघडून पडताळावंच लागतं.

पाठाच्या आदल्या रात्री आणखी एक चाचणी घरीच घेता येते. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि उद्याचा सगळा तास एकदा चालवून बघायचा. जे उघडत नाही ते टाचणातून काढायचं, किंवा त्याच्याजागी खडू, तक्ता, भाकरी यांपैकी काय वापरणार ते समासात लिहून ठेवायचं.