एडवर्ड ब्लाइथचे श्रेय नेमके कशाचे?

कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने 1841 मध्ये आपल्या संग्रहालयावर एडवर्ड ब्लाइथची पगारी अभिरक्षक म्हणून नेमणूक केली. आज हे नाव कानावर पडते ते बहुधा एका आरोपामुळे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन आयझली यांनी 1959 मध्ये असे मांडले की, नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनने ब्लाइथच्या लेखांतून घेतली आणि ते ऋण मात्र मान्य केले नाही. हा वाद अधूनमधून अजूनही उकरून काढला जातो. माझ्या मते या वादात ब्लाइथचा कैवार घेणारेच त्याच्यावर अन्याय करतात. जे त्याचे नव्हते ते त्याच्या पदरात टाकण्याच्या नादात, जे खरोखर त्याचे होते ते झाकले जाते.

आधी 1835 चा लेख पाहू. तेव्हा ब्लाइथ पंचविशीच्या आतबाहेरचा होता. 'मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी'त त्याने लिहिले की, अन्न मिळवण्यात आणि शत्रूपासून निसटण्यात सरस असलेला प्राणी तगतो व त्याची संतती वाढते. दुबळा किंवा मूळ रूपापासून ढळलेला मागे पडतो. इथवर वाचले की डार्विनच वाचत आहोत असे वाटू लागते. पण निष्कर्ष नेमका उलटा आहे. ब्लाइथच्या मते ही छाटणी जातीला तिच्या मूळ रूपात राखते, वेगळे निपजलेले जीव काढून टाकते. डार्विनच्या मते त्याच छाटणीतून कालांतराने नवी जात घडते. कोणी म्हणेल, यंत्रणा तर तीच ना? तीच आहे, परंतु जगण्याच्या झगड्याची चर्चा त्या काळी इतरांनीही केली होती. डार्विनचे वेगळेपण त्या झगड्यातून काय निर्माण होते हे दाखवण्यात आहे. शिवाय 'ओरिजिन' 1859 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ब्लाइथने स्वतः कधी हक्क सांगितला नाही. दोघांचे संबंध स्नेहाचेच राहिले, आणि त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात डार्विनने त्याच्या ज्ञानाचा मोठ्या आदराने उल्लेख केला आहे.

ब्लाइथचे मोठे काम कोलकात्यात झाले. नेपाळातून हॉजसन, दक्षिणेतून जर्डन, आराकानातून फेअर असे अधिकारी आणि डॉक्टर पक्ष्यांची कातडी पाठवीत. आत कापूस भरलेला, पंख अंगालगत मिटलेले, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख असेल तर तो पुरावा. चिठ्ठी हरवली की नुसती पिसे उरतात. त्यात बंगालची दमट हवा, बुरशी आणि कीड. हा नर अजून वयात आलेला नाही की ही जातच निराळी, हिवाळ्यातला पिसारा की दुसऱ्या प्रदेशातला प्रकार, हे नमुने शेजारी शेजारी मांडून ठरवण्यात ब्लाइथची वीस वर्षे गेली. 1849 ची त्याची पक्षिसूची त्यातूनच आली. थंडीत आपल्याकडच्या झुडपांतून 'चक् चक्' करीत हिंडणाऱ्या ज्या वटवट्याला त्याचे नाव लागले आहे, त्याची शास्त्रीय नोंदही त्याने त्याच वर्षी केली.

डार्विनला त्याची गरज होती ती या तुलनेसाठी. 1855 पासून ब्लाइथ त्याला लांबलचक पत्रे लिही. त्या डिसेंबरात निसर्गअभ्यासक वॉलेसच्या सारावाकमध्ये लिहिलेल्या निबंधाकडे त्याने डार्विनचे लक्ष वेधले. वशिंड असलेल्या भारतीय गुरांचा आवाज, सवयी, प्रकृती यांविषयी त्याने कळवलेल्या माहितीवरून डार्विनने अनुमान केले की, त्यांचा मूळ वंश युरोपीय गुरांहून वेगळा असावा. आज जनुकशास्त्रही तेच सांगते. सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, हे ब्लाइथचे मत मात्र अर्धवट ठरले. मुख्य पूर्वज तोच. पण अनेक कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला, असे 2008 मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसले. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतही आरवतो. तरी पाळीव प्राण्याचे मूळ रानातल्या जातीशी ताडून शोधण्याची ब्लाइथची रीत योग्यच होती, आणि तशी तुलना करता येईल इतके नमुने व माहिती त्या वेळी फार थोड्यांजवळ होती.

सोसायटीतल्या काहींची त्याच्याविषयी तक्रार होती, सूची वेळेवर होत नाही म्हणून. ती अगदीच निराधार नव्हती. तो पक्षी आणि सस्तन प्राण्यांत रमे, आणि उत्पन्नासाठी जिवंत प्राण्यांच्या व्यापारातही पडला. परंतु वर्षाला 300 पौंडांचा पगार वीस वर्षांत वाढला नाही, हे तक्रार करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे होते. प्रकृती ढासळल्यावर 1862 च्या अखेरीस त्याने कोलकाता सोडले. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर त्याला वर्षाला 150 पौंड निवृत्तिवेतन मिळाले, आणि 1873 मध्ये लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याआधीच, 1866 च्या कायद्याने, सोसायटीचा संग्रह नव्या भारतीय संग्रहालयाकडे सोपवला गेला होता. त्या संग्रहालयाच्या प्राणिविभागाची सुरुवात ब्लाइथने जपलेल्या नमुन्यांपासून झाली.