हिरवाईचे अंतर आणि आरोग्याचा हिशेब

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या संदर्भात घराजवळच्या हिरवाईची चिंता वाहणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांचे डोंगर. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांची खोरी. आणि सह्याद्रीचा मुसळधार पाऊस. अशा प्रदेशात झाडांची उणीव ती कसली? शहरातील माणसे तर हवापालटासाठी इकडेच धाव घेतात. तथापि, तालुक्यात एकूण झाडे किती, हा आरोग्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. ती माणसाच्या घरापासून किती अंतरावर आहेत आणि तेथे जाऊन बसण्याची मुभा कोणाला आहे, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

हे विधान केवळ निसर्गप्रेमातून आलेले नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००९ मध्ये ३,४५,१४३ व्यक्तींच्या कौटुंबिक डॉक्टरांकडील नोंदी तपासल्या. २४ प्रकारच्या आजारांपैकी १५ आजारांचे प्रमाण घराभोवती अधिक हिरवाई असणाऱ्यांत कमी आढळले. चिंता आणि खिन्नता या मनोविकारांच्या बाबतीत हा संबंध सर्वांत ठळक होता. विशेष म्हणजे हा गुण प्रामुख्याने घरापासून एक किलोमीटरच्या आतील हिरवाईचा होता आणि तो मुले व अल्प उत्पन्न गटातील माणसे यांच्यात अधिक दिसला. त्याआधी २००८ मध्ये इंग्लंडमधील एका अभ्यासाने असे दाखविले होते की, गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरांतील तफावत हिरव्या वस्त्यांत तुलनेने कमी असते.

यावर अर्थशास्त्राचा विद्यार्थी लगेच एक शंका काढील. हिरव्या वस्तीत सुखवस्तू माणसेच राहत असतील, तर त्यांच्या प्रकृतीचे श्रेय झाडांना द्यावे की पैशाला? शंका रास्त आहे आणि वरील संशोधकांनी उत्पन्नाचा प्रभाव वजा करण्याचा प्रयत्न केलाही होता. परंतु अधिक बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे बाहेरून आलेल्या एका भुंग्याने ॲश जातीच्या सुमारे १० कोटी झाडांचा नाश केला. भुंगा गरीब-श्रीमंत वस्ती निवडून येत नाही. त्यामुळे निसर्गानेच जणू एक प्रयोग मांडून दिला. १९९० ते २००७ या काळातील नोंदी तपासल्यावर असे दिसले की, १५ राज्यांतील बाधित भागांत श्वसनविकाराने ६,११३ आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी १५,०८० मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक झाले होते. झाडे गेली आणि मागोमाग माणसेही गेली, असा या आकड्यांचा कल आहे.

याची कारणे गूढ नाहीत. झाड सावली देते आणि पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवा थंड ठेवते. उन्हाचा पारा चढतो तेव्हा वृद्ध, अर्भके आणि उघड्यावर राबणारे मजूर यांच्यासाठी हा फरक जिवाशी निगडित असतो. पाने काही प्रमाणात धूळ अडवितात. सावली असलेल्या वाटेने माणसे अधिक चालतात. पाराभोवती चार माणसे जमतात, त्यामुळे एकाकीपण हलके होते. थकलेले मनही हिरव्या दृश्याने विसावते. हे सारे घडण्यास झाड रोजच्या वाटेवर असावे लागते. राजगडाच्या उतारावरील रान कितीही दाट असले, तरी भोर शहरातील अरुंद आळीत राहणाऱ्या संधिवाताच्या वृद्धेला त्याचा काय उपयोग? तिचे जग दोनशे पावलांचे असते. त्या दोनशे पावलांत एक वड किंवा पिंपळ आहे की नाही, एवढाच तिच्यापुरता प्रश्न.

आपल्या पूर्वजांनी नकळत का होईना, या अंतराचा प्रश्न सोडविला होता. गावाच्या वेशीपाशी किंवा वाडीच्या वरच्या अंगाला देवराई राखलेली असे. तेथे कुऱ्हाड लावायची नाही, कित्येक ठिकाणी वाळके लाकूडही उचलायचे नाही, असा दंडक होता. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा त्यांचे महत्त्व सुशिक्षितांच्या ध्यानी आले. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतील देवराया त्यांच्या परिचयाच्याच होत्या. देवराई म्हणजे उद्यान नव्हे. तेथे भय आणि भक्ती यांचे नियम चालतात. तरीही झऱ्याचे पाणी, वैदूला लागणारी वनस्पती आणि वाडीलगतचा गारवा या तिन्ही गोष्टी गावाला तिच्यामुळे लाभत. देवराईच्या जोडीला गायरान होते, पाणवठ्याची झाडे होती आणि चावडीपुढचा पार होता. ही सर्व सामायिक मालमत्ता. ती एकट्याची नव्हती, म्हणून सर्वांची होती.

ही व्यवस्था ढासळण्यास आरंभ होऊन बराच काळ लोटला आहे. पानशेतच्या परिसरात धरणासाठी रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी डोंगरांपर्यंत पोचले, याची नोंद गाडगीळांनी १९७९ मध्येच केली होती. जमीन पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्याने हाती उरलेली झाडे विकली, तर त्याला दोष कसा द्यावा? त्याच्या दृष्टीने झाडाला एकच किंमत होती, ती म्हणजे लाकडाची. अलीकडे देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्तानेही देवराईवर कुऱ्हाड चालते. देवाला सिमेंटचा सभामंडप मिळतो. त्याचे रान मात्र जाते.

याहून नवा प्रकार फार्महाउसच्या भूखंडांचा आहे. पुणे महानगर प्रदेशाच्या हद्दीत आज या तालुक्यांचे काही भाग आले आहेत. धरणाचे पाणी आणि डोंगराचे दृश्य यांची जाहिरात करून जमिनी विकल्या जातात. म्हणजे हिरवाईला बाजारात उत्तम भाव आहे. परंतु तो भाव कुंपणाच्या आतील मालकाला मिळतो. कुंपण पडले की गुराख्याची वाट बंद होते आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांची सावली जाते. ज्याने हिरवाई पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्याच्या हिशेबात काहीच जमा होत नाही. सामायिक वस्तूचे मोल बाजार करू शकत नाही, ते समाजाने करावे लागते, हा अर्थशास्त्रातील जुनाच सिद्धान्त येथे पडताळून पाहता येतो.

मात्र अतिशयोक्ती टाळली पाहिजे. झाड म्हणजे दवाखाना नव्हे. या डोंगरी तालुक्यांत पावसाळ्यात सर्पदंश झालेल्या रुग्णाला प्रतिविष आणि वाहन वेळेवर मिळणे हीच पहिली गरज आहे. देवराईच्या गौरवाने प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकामी जागा भरून निघत नाही. उद्धृत केलेले अभ्यासही सधन देशांतील आहेत. ते आपल्याकडे आकड्यांसह जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. परंतु वाढते ऊन, वृद्धांची वाढती संख्या आणि गाव सोडून गेलेल्या मुलांमागे एकटे उरलेले आईबाप ही आपल्याकडचीही वस्तुस्थिती आहे.

मग करावे काय? कायदे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावाच्या उपयोगासाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून अन्य कामी वापरता येत नाही. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सर्व राज्यांना दिला. भोरसारख्या नगरपालिका क्षेत्रासाठी १९७५ पासून वृक्षसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. उणीव आहे ती नोंदीची आणि आस्थेची. प्रत्येक ग्रामसभेने आपली देवराई, गायरान, पार आणि पाणवठ्याची झाडे यांची यादी करून ती दरवर्षी वाचावी. शाळेतील मुलांनी शिक्षकांसमवेत ही मोजणी केली, तर भूगोलाचा आणि आरोग्यशास्त्राचा धडा एकदमच होईल. वृक्षारोपणाचा निधी दूरच्या उजाड टेकडीइतकाच शाळेच्या, आरोग्य केंद्राच्या आणि एस. टी. थांब्याच्या अंगणातही खर्च व्हावा. नवे भूखंड पाडताना जुनी वाट आणि तिच्यावरची झाडे सार्वजनिक राहतील, ही अट परवानगी देतानाच घातली जावी.

औषधांवरील खर्च सरकारच्या आणि कुटुंबाच्या वहीत दिसतो. घराजवळच्या झाडाने वाचविलेला खर्च कोणत्याच वहीत दिसत नाही, म्हणून ते झाड तोडणे फुकट वाटते. त्याचे देयक पुढे दवाखान्यातून येते, आणि ते बहुधा ज्याने झाड तोडले त्याच्या नावावर नसते.