घरातला न दिसणारा वायू

थंडी पडली की सिडको-इंदिरानगरच्या बंगल्यांपासून गावातल्या नव्या स्लॅबच्या घरांपर्यंत सगळी दारं-खिडक्या बंद होतात. अशा बंद खोलीत रेडॉन नावाचा वायू साठू शकतो.

जमिनीतल्या युरेनियमपासून तो तयार होतो आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका आणखी जास्त.

पण घाबरू नका. नाशिकच्या काळ्या पाषाणात युरेनियम कमी असतं, ग्रॅनाइटमध्ये जास्त. तरी आपल्या घरात रेडॉन किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्यासाठी छोटी डबी तयार केली आहे. आत फिल्मचा तुकडा असतो. डबी सुमारे तीन महिने घरात टांगतात, मग फिल्मवरच्या बारीक खुणा प्रयोगशाळेत मोजतात. रेडॉनचं माप बेकरेल. घनमीटर हवेत तो १०० बेकरेलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपाय साधा आहे. भेगा बुजवा आणि रोज सकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडा. रेडॉनही जाईल, चुलीचा धूरही.