उडता न येणारा नायक

पुणतांब्यातल्या आपल्या लेकरांना स्पायडरमॅन तोंडपाठ आहे. आम्हाला त्यात वावगे वाटत नाही. दुबळ्याच्या बाजूने कुणी उभे राहते, म्हणूनच तो आवडतो. पण २०११ साली नवयानने काढलेले ‘भीमायन’ही त्यांच्या हाती द्यावे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात बाबासाहेब रेखाटले आहेत. जातीचे विष ओकणाऱ्या संवादाच्या फुग्याला विंचवाची नांगी, तर मायेच्या बोलण्याला पाखराचा आकार! १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेला छोटा भीमराव, जात कळताच नकार देणारे गाडीवान, रात्रभर न मिळालेले पाणी... जंक्शनच्या गावात वाढणाऱ्या मुलाला ते स्टेशन लगेच डोळ्यांपुढे दिसते. या नायकाला उडता येत नाही. १९२७ मध्ये तो हजारोंसोबत महाडच्या तळ्यापर्यंत चालत जातो आणि पाणी पितो.