मशीन लावलं, पण मोजलं का?

बाळाला श्रवणयंत्र लावल्यावर त्यानं टाळीकडे मान वळवली की आईवडिलांचे डोळे भरून येतात. ते साहजिकच आहे. पण त्यातून टाळी ऐकू आली एवढंच समजतं. आईच्या बोलण्यातले स, श पोचताहेत का, ते कळत नाही. मोठा माणूस लगेच सांगतो, ‘भांड्यांचा आवाज डोक्यात जातो’ किंवा ‘बोलणं बारीक येतंय’. बाळाला सांगता येत नाही, म्हणून त्याचं मशीन मोजूनच लावावं लागतं. आपल्याकडे बऱ्याचदा नेमकं हे मोजणंच राहतं आणि त्याची मला फार खंत वाटते.

प्रौढाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, तान्ह्या बाळाची बरीच आखूड आणि अरुंद. त्यात मशीनचा साचा बसवला की कानाच्या पडद्यापर्यंत हवेची इवलीशी पोकळी उरते. पोकळी निम्मी झाली की तोच आवाज सुमारे 6 डेसिबलनं चढतो. त्यामुळे एकाच सेटिंगवरचं मशीन आजोबांच्या कानात एक आवाज देतं आणि नातवाच्या कानात दुसरा. वरच्या पट्टीत हा फरक 10 डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतो, आणि दोन बाळांमध्येही तो सारखा नसतो.

हा फरक मोजायची रीत मला फार सुंदर वाटते. एक बारीक मऊ नळी साच्याच्या कडेनं पडद्याजवळ सरकवतात आणि साच्यातून ठरावीक आवाज सोडतात. नळीला जोडलेला मायक्रोफोन पडद्यापाशी तो किती भरला ते टिपतो. तोच आवाज 2 घन सेंटिमीटरच्या धातूच्या पोकळीतही मोजतात. दोन्हींतला फरक हा त्या कानाचा स्वतःचा आकडा. ऑडिओलॉजिस्ट त्याला आरईसीडी म्हणतात. बाळ थोडा वेळ स्वस्थ राहिलं तरी पुरतं, आईच्या मांडीवर झोपलेलं असेल तर उत्तमच. पुढची सगळी जुळवणी मशीन एका चाचणीपेटीत ठेवून करता येते, बाळाला त्रास न देता.

कुठल्या पट्टीत किती आवाज पोचायला हवा, हे सांगणारी सूत्रं आहेत. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड सीवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मुलांचाच विचार करून डीएसएल घडवलं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल-एनएल2 हे दुसरं. मशीनच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनं संगणकाच्या पडद्यावर काढलेली रेघ मात्र अंदाजच असतो. मोजायला गेलं की वरच्या पट्टीतला आवाज कमी पडल्याचं वारंवार दिसतं.

आणि ‘स’ असतो तो याच पट्टीत. ‘तू आलास का?’, ‘जेवलीस का?’ यातला स आपण अगदी हलका उच्चारतो. तो निसटला तर ‘आला’ आणि ‘आलास’ मुलाला एकच वाटतात. कानावर न पडलेलं जिभेवर यायचं कुठून?

निदान लवकर व्हायला हवं हे खरंच. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या एडीआयपी योजनेतून मशीन मिळू शकतं. 1983 साली स्थापन झालेली वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते. शिबिरांत मशीन वाटणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पुढच्या साच्यांची आणि मोजणीची सोय नसेल तर ते मशीन कपाटात जातं.

कारण कान वाढतो. साचा सैल होतो, आवाज बाहेर गळतो, मशीन शिट्टी मारू लागतं. शिट्टी थांबवायला आवाज कमी करून देतात, आणि मुलाचं ऐकणं त्या दिवसापासून तुटतं. तिथे नवा साचाच हवा. तान्ह्या बाळाला तर तो काही आठवड्यांतही लागू शकतो. साचा बदलला, कान वाढला की पोकळी बदलते, म्हणून मोजणीही पुन्हा.

घरी रोज सकाळी डॅनिएल लिंग यांचे सहा आवाज म्हणावेत: म, ऊ, आ, ई, श, स. मुलाला आपलं तोंड दिसू देऊ नये. काल ‘स’ला वळलेलं मूल आज वळलं नाही, तर आधी सेल बघावा, मग साच्याच्या नळीत मळ किंवा पाण्याचा थेंब आहे का ते. पावसाळ्यात मशीन रात्री सेल काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. सेलच्या झाकणाला लॉक हवंच, मुलं सेल गिळतात. आणि ऑडिओलॉजिस्टकडून निघताना मोजणीचा छापील आलेख मागून फाइलला लावावा. पुढच्या साच्याच्या वेळी तोच समोर ठेवून विचारता येतं, ‘मागच्यापेक्षा काय बदललं?’